चोराला घाई, आपल्याला उसंत

११ ऑगस्ट २०१८. शनिवारचा दिवस. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची बनावट कार्डे घेऊन वेगवेगळ्या देशांतली माणसे एटीएमसमोर उभी होती. यंत्रात कार्ड गेले की ‘या खात्यात एवढी रक्कम आहे का’ अशी विचारणा बँकेकडे जायला हवी. चोरांनी वाटेतच आपली यंत्रणा बसवली होती. विचारणा बँकेपर्यंत पोहोचत नव्हती आणि ‘पैसे द्या’ हे उत्तर मात्र यंत्राकडे परत जात होते. अठ्ठावीस देशांतून आणि भारतातूनही काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

शनिवार योगायोगाने आलेला नव्हता. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले, ती गुरुवारची रात्र होती. शुक्रवार-शनिवार ढाक्याला सुट्टी, बँकेचे पैसे ज्या न्यूयॉर्कमध्ये ठेवलेले होते तिथे शनिवार-रविवार सुट्टी, आणि पैसे जिथे उतरवायचे त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एकाला शंका आली तरी दुसऱ्या टोकाला फोन उचलायला कोणी नसावे, असा हिशेब करूनच दिवस ठरला होता. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून जगभर पसरलेला ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रामही त्या देशाच्या संविधानदिनाच्या आदल्या दिवशी सोडला गेला.

मोठे चोर सुट्टी निवडतात. आपल्या फोनवर येणारे चोर घाई निर्माण करतात. ‘आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा’ हा संदेश २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रभर फिरला आणि अनेकांची खाती रिकामी करून गेला. संदेश साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला असे. महावितरण अशा खासगी क्रमांकांवरून संदेश पाठवत नाही, हे जाहीरही झाले होते. पण रात्री साडेनऊची मुदत संध्याकाळी सात वाजता कळली की क्रमांक तपासायचे कोणाला सुचते?

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्या क्षणी शहाणपण सुचेल या भरवशावर कोणी राहू नये. फसवणुकीत अडकलेली माणसे अडाणी नसतात. घाबरलेल्या, दमलेल्या किंवा एकट्या पडलेल्या माणसाला त्या वेळी नीट विचार करता येत नाही, एवढेच. ज्या गोष्टी ठरवायच्या त्या आज, उसंत असताना ठरवून ठेवायच्या. घरातही आणि संस्थेतही.

घरात काय ठरवावे

‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीपासून सुरुवात करतो, कारण आयुष्यभराची पुंजी त्यातच जाते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डातून काळ्या पैशाचे व्यवहार झाले, असा फोन येतो. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी मांडणी, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर न्यायालयाच्या शिक्क्याचे बनावट आदेश. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही. शेवटी ‘चौकशीपुरते’ म्हणून सगळे पैसे एका ‘सरकारी’ खात्यात भरायचे. असा अटकेचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले होते. तरीही निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यात सापडत राहतात. माझ्या मते त्याचे कारण असे की ही माणसे कायद्याला मानणारी असतात. आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला आपल्यावर गुन्हा दाखल होणार या कल्पनेनेच धडकी भरते. चोर त्यांच्या सचोटीलाच वेठीला धरतात.

यावर घरात एक ठराव हवा. फोनवर कोणीही ‘हे कोणाला सांगू नका’ म्हणाले की तो फोन तिथेच बंद करायचा. समोरचा स्वतःला कोणीही म्हणवून घेवो, पोलीस, सीबीआय, न्यायाधीश. फोन बंद केल्याने कोणताही गुन्हा होत नाही. खरे पोलीस नोटीस पाठवतात, घरी येतात, ठाण्यात बोलावतात. व्हिडिओ कॉलवर पैसे भरून घेत नाहीत.

दुसरा ठराव रकमेचा. प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे एक आकडा ठरवावा. वीस हजार असेल, पन्नास हजार असेल. त्याहून मोठी रक्कम नव्या खात्यात पाठवायची तर ती त्याच दिवशी पाठवायची नाही आणि ठरलेल्या दुसऱ्या माणसाला सांगितल्याशिवाय तर नाहीच. मुदत ठेव मोडण्यालाही हाच नियम. हा दुसरा माणूस निवडताना थोडा विचार करावा. नाशिकला किंवा सांगलीला राहणाऱ्या आईवडिलांनी न्यू जर्सीतल्या मुलाचे नाव ठरवले, तर सकाळी अकराला फोन आला तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि ‘त्याला कशाला उठवायचे’ म्हणून फोन राहून जातो. शेजारचे जोशीकाका, गावातली पुतणी, नेहमीचा डॉक्टर, असे हाकेच्या अंतरावरचे कोणीतरी असावे आणि त्या माणसालाही हे आधी सांगून ठेवलेले असावे.

हे आईवडिलांना सांगताना पुष्कळ घरांत सूर चुकतो. ‘तुम्हाला काही कळत नाही, मला विचारल्याशिवाय काही करू नका’ असे म्हटले की पुढच्या वेळी ते काही सांगतच नाहीत, आणि चोराला तेच हवे असते. नियम दोन्ही बाजूंना लागू असावा. शेअर बाजाराचा खात्रीचा नफा सांगणाऱ्या टेलिग्राम गटांत, व्हिडिओला ‘लाइक’ करून पैसे मिळवण्याच्या ‘टास्क’मध्ये बहुतेक तरुणच फसतात आणि वडील रागावतील म्हणून महिनोन्महिने गप्प बसतात. मुलांनीही वडिलांना विचारायचे, असे ठरले की नियम कोणालाच अपमानाचा वाटत नाही.

तिसरी गोष्ट, घरचा परवलीचा शब्द. आता माणसाचा आवाज थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून हुबेहूब उतरवता येतो. ‘बाबा, अपघात झालाय, पोलिसांनी पकडलंय, लगेच पैसे पाठवा’ असे रडत बोलणारा आवाज मुलाचाच वाटू शकतो. घरातल्यांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द ठरवावा. जुन्या वाड्याचे नाव, आजीचे लाडके भांडे, काहीही. तो व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नये, जेवताना तोंडी सांगावा. शब्द सांगता आला नाही की फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण फोन करायचा.

फोन, ईमेल, खाते

बहुतेक लोक बँकेचा पासवर्ड जपतात आणि ईमेलचा कोणताही ठेवतात. खरे तर क्रम उलटा हवा. बँक, शेअर, आयकर, प्रवासाची तिकिटे, सगळीकडे ‘पासवर्ड विसरलात?’ असे दाबले की नवा पासवर्ड बहुधा ईमेलवरच येतो. ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीची दारे. तेव्हा ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला असावा आणि त्यावर दुहेरी पडताळणी लावलेली असावी. पासवर्डमध्ये आडवीतिडवी चिन्हे कोंबण्यापेक्षा तो लांब असणे जास्त कामाचे. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तर ते लक्षातही राहतात आणि संगणकाला हुडकायलाही जड जातात. दर महिन्याला पासवर्ड बदलायची जुनी सक्ती आता तज्ज्ञांनीच मोडीत काढली आहे, कारण लोक शेवटचा एक आकडा बदलून मोकळे होतात. गळती झाल्याचा संशय आला की मात्र लगेच बदलावा.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्जमधून ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा अंकी पिन लावावा. तिथेच ‘लिंक्ड डिव्हायसेस’ नावाची यादी असते. ओळखीचा नसलेला संगणक तिथे दिसला तर काढून टाकावा. आपले खाते चोराच्या हाती गेले की तो सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या गटांवर आपल्या नावाने पैसे मागतो, आणि लोक देतात, कारण नाव आपले असते.

पैशांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी सवय म्हणजे खाती वेगळी ठेवणे. भाजी, रिक्षा, वीजबिल यांसाठी यूपीआयला जोडलेले एक लहान खाते, त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम. पेन्शन, बचत, ठेवी ज्या खात्यात आहेत ते यूपीआयला जोडूच नये. चोर कितीही हुशार असला तरी खात्यात नसलेले पैसे नेऊ शकत नाही. कार्डाचा परदेशातला वापर आणि ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येतो, मर्यादाही घालता येते. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून ही सोय देणे बँकांना बंधनकारक केले आहे. परदेशी जायचे नसेल तर ते बटण बंदच असू द्यावे.

यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला कधीही लागत नाही. क्यूआर कोडही द्यायलाच स्कॅन करायचा असतो. जुने कपाट विकायला काढले की ‘मी लष्करात आहे, आगाऊ पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा’ म्हणणारा खरेदीदार याच गोंधळावर जगतो.

‘आरटीओ चालान’, ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’ अशा नावाने व्हॉट्सॲपवर आलेली आणि शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असलेली फाइल म्हणजे कागद नसतो, ते अख्खे ॲप असते. ते बसले आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की आपले ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागतात. ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी अशी फाइल उघडू नये, कारण त्याचाच फोन आधी गेलेला असू शकतो. चुकून उघडलीच, तर फोन ताबडतोब एअरप्लेन मोडवर टाकावा, वायफायही बंद करावे, सिम काढावे आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे. पैसे गेलेले नसतील तर त्यानंतरच फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करावा.

गावाकडे आधारशी जोडलेल्या खात्यातून बोटाच्या ठशावर पैसे काढण्याची सोय आहे. तिचा उपयोग मोठा आहे, पण कागदपत्रांवरच्या ठशांची नक्कल करून खाती रिकामी झाल्याचे गुन्हेही देशात नोंदले गेले आहेत. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक ‘लॉक’ करता येते आणि लागेल तेव्हा थोड्या वेळापुरते उघडता येते. शेतजमिनीची किंवा घराची खरेदी-विक्री केलेल्या प्रत्येकाने हे करावे. कुठे आधारची प्रत द्यायची झालीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे.

आणखी दोन लहान खुणा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांची संकेतस्थळे २०२५ मध्ये ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे नेण्यात आली. बँकेच्या नावाने आलेल्या पत्त्याच्या शेवटी हे नसेल तर तिथे काही भरू नये. आणि ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तो कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो.

संस्थेत, कार्यालयात, सोसायटीत

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आला. पाठवणारा स्वतःला कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला म्हणवत होता आणि काही खात्यांत लगेच पैसे पाठवायला सांगत होता. कंपनीकडून एक कोटीहून अधिक रुपये गेले आणि मग कळले की तो संदेश त्यांचा नव्हताच. इथे कोणी संगणक फोडला नाही, कोणता विषाणू सोडला नाही. साहेबांचे नाव आणि ‘लगेच’ हा शब्द पुरेसा पडला. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडते, तर दहा माणसांच्या कारखान्यात, पतसंस्थेत, शाळेत किंवा गृहनिर्माण सोसायटीत घडायला किती वेळ लागेल?

याला उपाय जुनाच आहे आणि सहकारी चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राला तो नवा नाही: धनादेशावर दोन सह्या. ऑनलाइन व्यवहार आल्यावर पुष्कळ ठिकाणी ही पद्धत गळून पडली. अध्यक्षांचा पासवर्ड हिशेबनिसाकडे आणि खजिनदारांचा ओटीपी फोनवरून विचारून घ्यायचा, असे सर्रास चालते. कागदोपत्री दोन सह्या असतात, प्रत्यक्षात एकच माणूस व्यवहार करत असतो. बँकेकडून एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने आपल्या फोनवरून मंजूर करायचा अशी सोय मागून घ्यावी आणि ओटीपी तोंडी सांगणे पूर्ण बंद करावे. खजिनदार गावाला गेले म्हणून काम एक दिवस अडले तर अडू द्यावे.

पुरवठादाराकडून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आला की त्या ईमेलमधल्या क्रमांकावर फोन करू नये. जुन्या बिलावरच्या, आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर करावा आणि ओळखीच्या माणसाशी बोलावे. साहेबांकडून पैशांचा आदेश आला तर साहेबांना प्रत्यक्ष विचारण्याचा अधिकार कनिष्ठातल्या कनिष्ठ कारकुनाला असावा आणि विचारल्याबद्दल साहेबांनी त्याच्यावर खेकसू नये. ही दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची आहे. ज्या कार्यालयात वरिष्ठांना प्रश्न विचारता येत नाही, तिथे वरिष्ठांचे सोंग घेणाऱ्यालाही कोणी विचारत नाही.

आता बॅकअपविषयी. मघाशी उल्लेख केलेल्या ‘नॉटपेट्या’ने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बसवले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही अडकले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सर्वांत मोठा पेच असा होता की कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे सगळे मुख्य सर्व्हर पुसले गेले होते. ते एकमेकांच्या प्रती ठेवत असत, आणि सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळेच एकदम गेले. वाचला तो एक, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्याबाहेर राहिला. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

जे तिथे नशिबाने घडले ते आपण ठरवून करायचे. हिशेबाची, सभासदांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची माहिती आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कुलपात ठेवावी. पुष्कळ ठिकाणी डिस्क आणलेली असते पण ती कायम संगणकाला जोडलेली असते, आणि खंडणीखोर प्रोग्राम येतो तेव्हा संगणकाबरोबर तिलाही कुलूप घालतो. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्या, एक दुसऱ्या जागी ठेवावी. आणि तीन-चार महिन्यांतून एकदा त्यातली माहिती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये. अडचणीच्या दिवशी फाइल रिकामी निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि देशातल्या सर्वांत नामवंत रुग्णालयाला बरेच दिवस नोंदणी, तपासण्या, दाखले सगळे हाताने लिहून चालवावे लागले. दवाखाना किंवा रुग्णालय चालवणाऱ्यांनी कोरे छापील अर्ज, पावतीपुस्तके आणि महत्त्वाच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी कागदावर तयार ठेवावी. संगणक बंद असताना औषधाचा डोस कुठे लिहायचा, हे परिचारिकेला त्या दिवशी शोधावे लागू नये.

संगणकांबाबत तातडीची एक गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सुरक्षेची अद्यतने वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी करणाऱ्यांनाच मिळतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. ज्यांनी ते बसवले त्यांचे संगणक वाचले. तेव्हा अपडेटची सूचना ‘नंतर’ म्हणून ढकलणे आणि चोरीचे सॉफ्टवेअर वापरणे, दोन्ही थांबवावे. हिशेबाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ लांबून संगणक चालवण्याचे ॲप बसवून जातो आणि ते तसेच राहते. काम संपले की ते काढून टाकायला सांगावे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे ईमेल, बँकेतले अधिकार आणि व्हॉट्सॲप गटातले स्थान त्याच दिवशी काढावे. यात अविश्वास नाही. उद्या त्याचे खाते कोणी चोरले तर आळ त्याच्यावरच येईल.

सोसायट्यांनी सीसीटीव्हीकडे लक्ष द्यावे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, केवळ कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. २०२५ मध्ये गुजरातेतल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या स्त्रियांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवर पोहोचल्याचे उघड झाले. ते वाचून ज्याला चीड आली, त्याने आपल्या इमारतीच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड काय आहे हे आजच विचारावे. तसेच भाडेकरूंच्या आधारच्या प्रती, पॅन, छायाचित्रे सचिवांच्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे पडून असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. जी माहिती लागत नाही ती मागूच नये, काम झाले की पुसावी.

कंपन्यांना आणि संस्थांना आणखी एक मुदत माहीत हवी. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तासांत कळवायचे तर पहिल्या मिनिटाला कोणी तोंड उघडायला हवे. चुकीची लिंक दाबणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार कापणाऱ्या संस्थेत पुढची चूक लपवली जाते, आणि हल्लेखोराला सगळा शनिवार-रविवार मोकळा मिळतो.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या क्रमांकावर. हा देशभरचा सायबर आर्थिक फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते, तिथून पुढे सरकले असतील तर पुढच्या बँकेला, आणि खात्यात उरलेली रक्कम रोखली जाते. चोरांची माणसे मिनिटामिनिटाला रक्कम फोडून दुसऱ्या खात्यांत हलवत असतात, त्यामुळे पहिला तास फार मोलाचा असतो. आपले खाते कोणते, किती वाजता, किती रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक, एवढे हाताशी घेऊन फोन करावा. क्रमांक लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरावी. चॅट, कॉलची यादी, स्क्रीनशॉट काहीही पुसू नये, लाज वाटली तरी पुसू नये.

त्याच वेळी बँकेला वेगळे कळवावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना जुलै २०१७ मध्ये आणि सहकारी बँकांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम घालून दिले. दोष बँकेचा असेल तर नुकसान बँकेचे. दोष ना बँकेचा ना आपला, मधल्याच कुठल्या यंत्रणेचा असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तरीही आपली जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस झाले तर ती मर्यादित, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. आपण स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून ‘चूक माझीच आहे, कळवून काय उपयोग’ असे म्हणत बसू नये. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करावा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते.

महाविद्यालयीन मुलांच्या पालकांसाठीही एक निरोप. चोरीचे पैसे फिरवायला खाती लागतात आणि ती काही हजार रुपयांच्या भाड्याने विद्यार्थ्यांकडून, बेरोजगारांकडून घेतली जातात. ‘फक्त खाते आणि सिम दे, बाकी आम्ही बघतो’ असे म्हणणाऱ्याला हो म्हटले की तपासात पहिले नाव त्या मुलाचे येते.

एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक चोरांच्या याद्यांत फिरत राहतो. काही आठवड्यांनी ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला शुल्क भरा’ असा फोन येतो, आणि आधीच हवालदिल झालेला माणूस पुन्हा पैसे भरतो. रोखलेली रक्कम परत मिळण्याची प्रक्रिया तक्रार नोंदलेले पोलीस ठाणे, गरज पडल्यास न्यायालय आणि बँक यांच्यामार्फतच होते आणि त्यासाठी फोनवर कोणी शुल्क मागत नाही. अशा घरातल्या माणसांनी त्यामुळे पुढचे काही महिने त्या व्यक्तीला येणाऱ्या अनोळखी फोनची रोज सहज चौकशी करावी, आणि पहिल्या वेळी काय चुकले याची उजळणी जेवणाच्या ताटावर पुन्हा पुन्हा करू नये.